आजींच्या अंगातली देवी केव्हाच गेली

पत्र : आमच्या आजेसासूबाई शहात्तर वर्षांच्या आहेत. त्या सहा वर्षांच्या असताना त्यांना देवी आल्या होत्या. चेहऱ्यावर आणि हातांवर व्रण अजून आहेत. मागच्या आठवड्यात त्यांच्या उजव्या बरगडीखाली आग व्हायला लागली आणि दोन दिवसांनी तिथेच पुटकुळ्यांचा पट्टा उठला. डॉक्टरांनी नागीण असल्याचं सांगून सात दिवसांच्या गोळ्या दिल्या. पण सासूबाई म्हणतात, आजींच्या अंगात देवीचं विष राहिलं होतं, तेच आता बाहेर पडतंय. माझं बाळ चार महिन्यांचं आहे, पूर्ण दिवसांचं आणि धडधाकट. धाकटी जाऊ पाच महिन्यांची गरोदर आहे. म्हणून आजींना मागच्या खोलीत ठेवलंय. त्यांचं ताट दाराशी ठेवतात. बाळ रोज त्यांच्या मांडीवर झोपायचं, आता त्या आतून त्याचं रडणं ऐकत बसतात. काल मला म्हणाल्या, ''माझ्या अंगातली देवी अजून गेली नाही गं, बाळाला लांबच ठेव.'' नवरा म्हणतो, मंकीपॉक्सच्या बातम्या येतायत म्हणजे देवी परत आलीच असणार. देवीचा विषाणू इतकी वर्षं अंगात राहतो का? बाळाला देवीची लस द्यायची का? मला स्वतःला शाळेत असताना कांजिण्या झाल्या होत्या, त्याचा काही संबंध आहे का? आणि आजींना काय सांगू?
– एक नातसून

उत्तर :

नातसूनबाई,

आधी सरळ उत्तरं देते, मग निवांत बोलू. देवीचा विषाणू आजींच्या अंगात नाही. बाळाला देवीच्या लशीची गरज नाही. तुमच्या कांजिण्यांचा मात्र संबंध आहे, आणि तो बाळाच्या फायद्याचा आहे. आजींना आजच मागच्या खोलीतून बाहेर आणा. अट एवढीच, की पुटकुळ्या नीट झाकलेल्या हव्यात.

सासूबाईंना मात्र हसू नका. लहानपणच्या आजारातलं काहीतरी अंगात दडून बसतं आणि म्हातारपणी तेच वर येतं, हा त्यांचा तर्क अगदी बरोबर आहे. त्यांनी पकडलाय तो भलताच. नागीण उठते ती कांजिण्यांच्या विषाणूमुळे. आजींना देवी आल्या होत्या हे चेहऱ्यावरच दिसतं, म्हणून ते घरात सगळ्यांना ठाऊक. त्याच्या आगेमागे केव्हातरी कांजिण्याही येऊन गेल्या असणार. पण चार दिवस खाजवलं आणि विसरलं, असल्या दुखण्याची सत्तर वर्षं आठवण कोण ठेवतो? वण ठेवून गेला त्याच्यावर आळ आला आणि गुपचूप मुक्काम ठोकून बसलेला नामानिराळा राहिला. इंग्रजीतही एक स्मॉलपॉक्स आणि एक चिकनपॉक्स, म्हणजे नावावरून सख्खी भावंडं वाटावीत. प्रत्यक्षात दोघांचं घराणं वेगळं. चिकनपॉक्सचा विषाणू हर्पिसच्या कुळातला, देवीचा पॉक्स कुळातला.

देवीचा विषाणू अंगात नेमकं काय करायचा ते जरा सविस्तर सांगते. आजींच्या मनातली गाठ तिथेच आहे.

सहा वर्षांच्या त्या मुलीजवळ बसून देवी आलेलं कुणीतरी बोललं असेल, खोकलं असेल. श्वासाबरोबर विषाणू नाकाघशात गेले. तिथून ते जवळच्या लसिकाग्रंथींत पोहोचले, म्हणजे घसा बिघडला की मानेला ज्या गाठी हाताला लागतात, तिथे. त्यांची पहिली वीण तिथे झाली. तीन-चार दिवसांत ते रक्तात उतरून प्लीहा आणि अस्थिमज्जेपर्यंत गेले आणि तिथे दुसरी, मोठी वीण झाली. या काळात ती मुलगी खेळत-बागडत होती. ताप नाही, पुरळ नाही आणि तिच्यापासून दुसऱ्या कुणाला लागणही नाही. ही शांतता साधारण १२ दिवसांची. कुणात ७ दिवसांची, कुणात १९.

मग विषाणू पुन्हा रक्तात आले, आणि या खेपेला वाजतगाजत. फणफणून ताप, डोकं फुटेल असं दुखणं, कंबरेचा काटा मोडल्यासारखी पाठ, उलट्या. दोन-चार दिवसांनी ताप जरा उतरायचा, घरच्यांना हायसं वाटायचं आणि नेमके तेव्हाच जिभेवर आणि घशात बारीक लाल ठिपके उठायचे. ते फुटले की लाळेत विषाणूच विषाणू. देवीचा रुग्ण सर्वांत जास्त लागण द्यायचा तो या पहिल्या आठवड्यात. तोवर तो बहुधा अंथरुणाला खिळलेला असे, त्यामुळे लागण व्हायची ती मुख्यतः उशापायथ्याशी बसणाऱ्यांना.

त्यानंतर चेहरा, हात, पाय. ठिपक्याचा उंचवटा व्हायचा, उंचवट्याचा फोड आणि फोडात पू. बोटाने दाबला तर कातडीत छर्रा रुतून बसावा तसा टणक लागायचा आणि मधोमध बेंबीसारखा खळगा. तळहात आणि तळपायही सुटत नसत. एका भागातले सगळे फोड एकाच टप्प्यावर असायचे, जणू एकाच दिवशी केलेली पेरणी. कांजिण्यांत तसं नसतं. तिथे छातीपोटावर गर्दी जास्त आणि एकाच ठिकाणी लाल ठिपका, पाण्याची पुटकुळी आणि वाळलेली खपली शेजारी शेजारी दिसतात. जुने डॉक्टर एवढ्यावरून दोन्ही आजार वेगळे ओळखायचे.

पुरळ उठल्यापासून दोन आठवड्यांत बहुतेक फोडांवर खपल्या धरत आणि तीन-चार आठवड्यांत त्या गळून पडत. देवीचा जो जहाल प्रकार होता त्यात दर दहांतले तीन जण तोवर हाती लागत नसत. कुणाचे डोळे जात. जगलेल्यांपैकी बहुतेकांच्या तोंडावर व्रण राहत, कारण चेहऱ्याच्या कातडीत तेलग्रंथी दाट असतात आणि विषाणू त्यांचा पार नाश करायचा. ती जागा भरून येताना आत ओढली जाते, तोच आजींच्या गालावरचा खड्डा. त्यात विष वगैरे काही नाही. भाजल्याच्या डागात जसा विस्तव नसतो, तसंच.

आता मुद्दा असा, की शेवटची खपली गळाल्यावर विषाणू गेला कुठे?

तो संपला. देवीच्या विषाणूच्या वागण्यातच त्याचं कारण आहे. विषाणूला स्वतःचं पोटपाणी नसतं. पेशीत शिरायचं, तिची यंत्रसामग्री ताब्यात घ्यायची आणि स्वतःच्या प्रती काढायच्या, हाच सगळ्या विषाणूंचा धंदा. डीएनए असलेले बहुतेक विषाणू त्यासाठी पेशीच्या केंद्रकात शिरतात, कारण सगळी दफ्तरं तिथे असतात. देवीचा विषाणू हा त्यातला दांडगोबा. विषाणूंच्या मानाने तो अंगाने मोठा, विटेच्या आकाराचा. असे अडीचशेच्या आसपास एका ओळीत ठेवले तर केसाची जाडी भरेल. त्याच्याजवळ सुमारे दोनशे जनुकं आणि प्रती काढायची स्वतःची हत्यारं. तो केंद्रकात जातच नाही. बाहेरच्या पेशीद्रवात मांडव घालतो, तिथेच हजारो पिल्लं काढतो आणि पेशीचा निकाल लावून पुढच्या पेशीत शिरतो. थांबणं, गप्प बसणं, वाट बघणं त्याला माहीतच नाही.

फसवाफसवी मात्र त्याला उत्तम येत होती, हे कबूल करायला हवं. विषाणू शिरलेली पेशी शेजारच्या पेशींना सावध करण्यासाठी इंटरफेरॉन नावाची प्रथिनं सोडते. निरोप एवढाच, 'दारं लावून घ्या.' देवीचा विषाणू अशी प्रथिनं बनवून बाहेर सोडायचा, की ती हा निरोप वाटेतच पकडून ठेवत. पहिले बारा दिवस जी शांतता दिसायची, तिच्यामागे असले उद्योग होते. पण असली चलाखी काही आठवडेच पुरते. तोवर शरीराची प्रतिपिंडं आणि मारेकरी टी-पेशी तयार होतात. मग दोनच शेवट उरतात : माणूस तरी जातो, नाहीतर विषाणूचा शेवटचा कण तरी मारला जातो. तुमच्या आजींनी सहाव्या वर्षी ही लढाई निकाली काढली आहे, तीही औषधाशिवाय, कारण तेव्हा देवीवर औषधच नव्हतं.

कांजिण्यांचा विषाणू स्वभावाने नेमका उलटा. अंगावर पुटकुळ्या असतानाच तो कातडीतल्या मज्जातंतूंच्या टोकांतून आत सरकतो आणि पाठीच्या कण्याला लागून मज्जापेशींच्या ज्या बारीक गाठी असतात तिथे जाऊन बसतो. मज्जापेशी जन्मभर टिकते, त्यामुळे हे घर पडायची भीती नाही. तिच्या केंद्रकात तो नुसता डीएनएच्या रूपात पडून राहतो. प्रती काढत नाही, जवळजवळ काही हालचालच करत नाही, म्हणून पहारेकऱ्यांना सापडत नाही. वय वाढतं, टी-पेशींचा पहारा ढिला पडतो आणि एखाद्या गाठीतला विषाणू जागा होतो. आयुष्यात साधारण तिघांतल्या एकाला हे होतं. जागा झालेला विषाणू ज्या मज्जातंतूतून वर गेला होता त्याच वाटेने खाली कातडीकडे येतो. म्हणून आधी आग आणि मग पुटकुळ्या, जसं आजींना झालं. आणि म्हणूनच पट्टा एका बाजूला. उजव्या बाजूचा मज्जातंतू पाठीच्या मधल्या रेषेपासून पोटाच्या मधल्या रेषेपर्यंतच पुरतो. नागिणीने कमरेला विळखा पुरा केला की माणूस जातो, हे कुणी घरात बोलून गेलं असेल तर तेही यातच निकालात निघतं. पट्टा मधली रेषा ओलांडून पलीकडे गेला तर प्रतिकारशक्ती फार उतरली आहे का, हे डॉक्टर बघतील. विळख्याने माणूस जात नाही.

प्रत्येक विषाणूची खोड वेगळी असते, हे एकदा लक्षात आलं की अर्धी भीती जाते. फ्लूचा येतो, आठवडाभर धिंगाणा घालून निघून जातो आणि पुढच्या वेळी वेश बदलून येतो. हेपटायटिस बी काही जणांच्या यकृतात वर्षानुवर्षं राहतो. एचआयव्ही तर आपल्या पेशीच्या डीएनएतच स्वतःला विणून घेतो. देवीचा यांतला कुठलाच नव्हे.

सासूबाईंना पेशी-केंद्रक-प्रथिनं पटणार नाहीत, मलाही ठाऊक आहे. त्यांना दुसरं काहीतरी सांगा. समजा, देवीचा विषाणू कांजिण्यांसारखा अंगात दडत असता, तर देवी आलेल्या प्रत्येक जिवंत माणसात तो असता, म्हणजे जगभर कोट्यवधी लोकांत. मग देवीचं उच्चाटन झालंच नसतं. पण झालं. १९६७ साली जागतिक आरोग्य संघटनेने जोरकस मोहीम सुरू केली. रुग्ण शोधायचा, त्याला वेगळं ठेवायचं, त्याच्या संपर्कातल्या सगळ्यांना लस टोचायची, अशी कडी करत करत दहा वर्षांत रोग संपवला. १९८० च्या मे महिन्यात तो संपल्याचं जाहीर झालं. देवी येऊन बरी झालेली माणसं तेव्हा गावोगाव हयात होती. त्यांच्यापैकी एकाच्याही अंगातून रोग पुन्हा उठला नाही. सासूबाईंना यापेक्षा मोठा पुरावा काय हवा? १९७८ मध्ये इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमला एका बाईला देवी होऊन ती गेली. तो विषाणूही तिथल्या प्रयोगशाळेतला होता. कुणा जुन्या रुग्णाच्या अंगातून तो आलेला नव्हता.

निसर्गातून लागण झालेला जगातला शेवटचा माणूस होता सोमालियातल्या मेर्का गावचा अली माओ मालिन, इस्पितळातला स्वयंपाकी. १९७७ च्या ऑक्टोबरमध्ये देवी आलेल्या दोन मुलांना गाडीतून न्यायचं होतं, तेव्हा वाट दाखवायला तो सोबत बसला. काही मिनिटांचाच प्रवास. १२ तारखेला गाडीत बसला आणि २२ तारखेला ताप आला. वर सांगितलेला हिशेब इथे जुळवून बघा. आधी मलेरिया समजून उपचार झाले, मग २६ तारखेला पुरळ उठलं तर लोक म्हणाले, कांजिण्या. देवीचं उच्चाटन करायला माणसं जमली होती, तिथे ही गफलत! सासूबाईंना माफ करायला एवढं पुरे. मालिन बरा झाला. त्याच्या संपर्कात दीडशेवर माणसं आली होती, एकालाही लागण झाली नाही. लस का घेतली नव्हती, तर टोचून घ्यायची भीती वाटली म्हणून. पुढे तोच पोलिओच्या लसीकरणासाठी दारोदार फिरायचा. २०१३ मध्ये तो वारला तो मलेरियाने, म्हणजे देवीनंतर पस्तीस वर्षांहून जास्त जगून.

आता घरातलं बघू.

नागीण दुसऱ्याला लागत नाही. ती ज्याची त्याच्याच अंगातून उठते. पण पुटकुळ्यांतल्या पाण्यात कांजिण्यांचे जिवंत विषाणू असतात. ज्याला कांजिण्या कधी झाल्या नाहीत आणि लसही नाही, त्याने ते पाणी हाताळलं तर त्याला कांजिण्या होऊ शकतात. हा धोका खरा आहे, पण त्याचा बंदोबस्त सोपा आहे. सगळ्या पुटकुळ्या खपल्या धरून कोरड्या होईपर्यंत, म्हणजे साधारण आठवडा-दहा दिवस, त्यावर न चिकटणारी पट्टी आणि वर सुती कपडा. पट्टी बदलणाऱ्याने हात साबणाने धुवायचे. आजींनी न खाजवणं, आणि खाजवलंच तर हात धुणं. त्यांचा टॉवेल वेगळा. बस. ताट वेगळं ठेवायला वैद्यकीय कारण काहीही नाही, खोली वेगळी ठेवायलाही नाही.

खरी काळजी मला तुमच्या जाऊबाईंची आहे, बाळाची नव्हे. त्यांना लहानपणी कांजिण्या झाल्या होत्या का, हे त्यांच्या आईला आजच विचारा. नक्की आठवत नसेल तर त्यांच्या डॉक्टरांना 'घरात नागीण आहे' एवढं लगेच कळवू दे. साध्या रक्ततपासणीत प्रतिपिंडं आहेत की नाहीत ते समजतं, आणि बहुतेक वेळा असतात. नसतील आणि पुटकुळ्यांशी संबंध आला असेल तर तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन देता येतं, पण ते उशिरा देऊन उपयोग नसतो. म्हणून आठवडाभर बघू आणि मग ठरवू, असं करू नका. गरोदरपणात कांजिण्या आईला जड जातात. कांजिण्यांची लस जिवंत विषाणूची असते, त्यामुळे ती बाळंतपणानंतरच. तपासणीचा निकाल येईपर्यंत पट्टी बदलायचं काम जाऊबाईंकडे नको, तुम्ही करा. तुम्हाला कांजिण्या होऊन गेल्या आहेत.

त्याच कांजिण्या बाळाच्या उपयोगी आहेत. तुमच्या रक्तातली प्रतिपिंडं नाळेतून बाळाकडे गेली आहेत. ती महिन्यागणिक उतरत जातात, चौथ्या महिन्यात पूर्वीइतकी नसणार, तरी बाळ अगदी उघड्यावर नाही. बाळाच्या डॉक्टरांच्या कानावर घालाच. बाळ दिवस भरण्याआधी जन्मलं असतं, किंवा नागीण आजींच्या चेहऱ्यावर असती, जिथे झाकता येत नाही, तर खपल्या धरेपर्यंत थोडं लांब राहा असं मीही म्हटलं असतं.

गोळ्यांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण सांगते. त्या बहुतेक असायक्लोव्हिर किंवा त्याच्या घरच्या असतील. पुटकुळ्या उठल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू केल्या तर जास्त गुण येतो, आणि तुमच्याकडे ते वेळेत झालेलं दिसतंय. या औषधाची गंमत अशी, की गोळीतलं द्रव्य निरुपद्रवी असतं. कांजिण्यांच्या विषाणूचं स्वतःचं एक एन्झाइम त्याला चेतवतं आणि मग ते त्याच विषाणूच्या प्रती काढण्यात खोडा घालतं. म्हणजे कुलूप चोराच्याच किल्लीने लागतं. मात्र गाठींमध्ये जे विषाणू गप्प बसले आहेत ते प्रतीच काढत नाहीत, त्यामुळे त्यांच्यावर औषध चालत नाही. ते राहणारच. गोळ्या सात दिवस पुऱ्या घ्यायच्या, पाणी भरपूर प्यायचं आणि मूत्रपिंडाचा काही त्रास असेल तर डॉक्टरांना सांगायचं, म्हणजे ते मात्रा कमी करतील. घरात उरलेली अँटिबायोटिक कुणी देऊ केली तर नको म्हणा. ती जीवाणूंची यंत्रणा मोडतात. विषाणूकडे ती यंत्रणाच नसते, मग मोडणार काय? पुटकुळ्यांत पू झाला तर गोष्ट वेगळी, ते डॉक्टर ठरवतील. कातडी बरी झाल्यावरही त्या जागी आग राहिली तर म्हातारपणाचं नाटक समजू नका. तो दुखावलेला मज्जातंतू असतो, त्याला वेगळी औषधं आहेत. बरं झाल्यावर नागिणीच्या लशीबद्दलही विचारा. पन्नाशीच्या पुढच्यांसाठी ती असते आणि एकदा नागीण होऊन गेली तरी घेता येते.

देवीच्या लशीचं म्हणाल, तर माझ्या दंडावर ती टोचल्याचा वण आहे, मधे बसका आणि कडेला चुण्या पडलेला. दोन दातांची बारीक सुई लशीत बुडवून एकाच जागी पंधरा वेळा टोचायची पद्धत होती. त्या लशीतही जिवंत विषाणू असे, देवीच्या भावकीतला पण सौम्य. १७९६ मध्ये एडवर्ड जेन्नरने गवळणीच्या हातावरच्या गोस्तनदेवीचा स्राव आठ वर्षांच्या मुलाला टोचला, तिथून ही परंपरा. लस प्रभावी होती, पण क्वचित जिवावर बेतणारे परिणामही व्हायचे. रोग समोर उभा असताना तो धोका पत्करण्यात शहाणपण होतं. रोगच उरला नाही, म्हणून ती सगळ्यांना टोचणं बंद झालं. बाळाच्या दंडावर टोचल्याचा वण असेल तर तो बीसीजीचा, क्षयाविरुद्धचा. नवऱ्याला सांगा, मंकीपॉक्स हाही त्याच भावकीतला, पण वेगळा विषाणू आहे. तो प्राण्यांत राहतो आणि तिथून माणसांत येतो. १९७० पासून तो माणसांत माहीत आहे. देवीला माणसाशिवाय दुसरं घर नव्हतं. म्हणून तर ती संपवता आली.

राहिल्या आजी. त्यांनी स्वतःहून 'बाळाला लांब ठेव' म्हटलं, त्या अर्थी नुसतं 'काही नाही हो, या बाहेर' म्हणून त्या येणार नाहीत. शेजारी बसा, वाटल्यास त्यांच्या गालावरच्या व्रणांवर हात ठेवा आणि सांगा, की ती देवी त्यांची शेवटची खपली गळाली तेव्हाच गेली. आज जगात तिला राहायला एकही माणूस उरलेला नाही. दोन देशांतल्या दोन प्रयोगशाळांत कडीकुलपात गोठवून ठेवलेले तिचे नमुने तेवढे आहेत. आजी मात्र पणतू बघायला राहिल्या. मग पट्टी नीट बसली आहे ना ते पाहा, त्यांना हात धुवायला लावा आणि बाळाला त्यांच्या डाव्या कुशीत द्या. नागीण उजवीकडे आहे.